कायद्याचा प्रश्न घेऊन कोणी आलं तर उत्तर कसं द्यायचं: आधी तारीख, मग कागद, आणि कलम सगळ्यात शेवटी

विधी सेवा केंद्राच्या टेबलावर बसायला लागल्यापासून मी एक गोष्ट सतत बघत आलेय, माणूस तोंडाने जो प्रश्न विचारतो तो त्याचा खरा प्रश्न क्वचितच असतो. "मॅडम, ४२० लावता येईल का?" असं विचारणाऱ्याला खरंतर उसने दिलेले पैसे परत हवे असतात. "सातबाऱ्यावर नाव कसं लावायचं" असं विचारणारीला भावाने जमीन परस्पर विकायला काढलीय का ते कळायला हवं असतं. आणि "घटस्फोटाला किती दिवस लागतात" असं विचारणारी बाई कित्येकदा आज रात्री त्या घरात परत जायचं की नाही हे ठरवायला आलेली असते.

आपण मात्र काय करतो, तर ४२० ऐकलं की लगेच कलम सांगायला लागतो. उत्तर बरोबर असतं पण त्या माणसाच्या काही उपयोगाचं नसतं.

म्हणून हा लेख. नवीन सनद मिळालेले वकील, लॉ कॉलेजची मुलं, विधी स्वयंसेवक, संस्थांचे कार्यकर्ते, आणि "तुम्हाला जरा कायद्यातलं कळतं ना" म्हणून ज्यांच्या दारात लोक येतात अशा सगळ्यांसाठी. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, कारण भाड्याचा कायदा आणि जमीन महसूल हे राज्याराज्यात वेगळं असतं. अजून एक, तुम्ही वकील नसाल तर माहिती द्या, रस्ता दाखवा, अर्ज लिहायला मदत करा, पण कोर्टात दुसऱ्याच्या वतीने उभं राहणं हे अॅडव्होकेट्स अॅक्ट १९६१ प्रमाणे सनदवाल्यांचंच काम आहे, तिथे शिरू नका.

पायरी १: समोरच्याचं नाव विचारायच्या आधी विरुद्ध पार्टीचं नाव विचारा

हे ऐकायला विचित्र वाटेल पण फार गरजेचं आहे. एकाच गावात, एकाच तालुक्यात आपण बसतो, आणि काल ज्याचं ऐकून घेतलं त्याचाच भाऊ आज समोर येऊन बसतो. एकदा का तुम्ही दोघांच्या गोष्टी ऐकल्या की कोणालाच मोकळेपणाने सल्ला देता येत नाही. तेव्हा "वाद कोणाशी आहे?" हा पहिला प्रश्न, आणि ते नाव ओळखीचं निघालं तर तिथेच थांबवून दुसऱ्याकडे पाठवा, काही ऐकून घेऊ नका. वकिलाला अशिलाने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय उघड करता येत नाही, भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ तेच सांगतं. वकील नसाल तर कलम लागू नसेल पण माणूस तुमच्यावर तेवढाच विश्वास टाकून बोलत असतो.

पायरी २: पाच मिनिटं गप्प बसा, आणि कोण बोलतंय ते बघा

सुरुवातीची पाच मिनिटं मधे बोलू नका, कलम आठवलं तरी. लोक गोष्ट नेहमी मधूनच सुरू करतात, मग मागे जातात, मग कोणाच्या तरी लग्नात काय झालं ते सांगतात, आणि त्या लग्नातच मुद्दा लपलेला असतो.

एक प्रसंग सांगते. साठीच्या एक आजी आल्या होत्या, बरोबर पुतण्या. पुतण्याच बोलत होता, "आत्याला हक्कसोड पत्र करायचंय, काय काय कागद लागतात तेवढं सांगा". आजी मांडीवर पिशवी धरून खाली बघत बसलेल्या. पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. मी पुतण्याला म्हटलं, आधारची झेरॉक्स लागेल, घेऊन ये. तो गेल्यावर आजींना विचारलं, तुम्हाला सोडायचाय का हक्क? त्या पहिल्यांदा वर बघून म्हणाल्या, "मला सही करायची नाहीये बाई, पण नाही कसं म्हणू, माहेर तुटेल".

म्हणजे विचारलेला प्रश्न होता कागदांचा, खरा प्रश्न होता नाही म्हणता येतं का. आणि त्याचं उत्तर कायद्यात अगदी स्वच्छ आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने मुलगी जन्माने सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतली वाटेकरी आहे, मुलाइतकाच हक्क, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने हेही स्पष्ट केलं की २००५ च्या त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं काही नाही. हां, २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदवलेलं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं वाटप असेल तर ते या दुरुस्तीने उघडत नाही, त्यामुळे तो प्रश्न विचारायचाच. आणि वडिलांची स्वकष्टाची मिळकत असेल, मृत्युपत्र केलेलं नसेल, तर मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई या सगळ्यांना सारखा हिस्सा.

आजींना मी एवढंच सांगितलं की हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं की ते मागे घेता येत नाही, फसवणूक झाली किंवा जबरदस्ती झाली हे दिवाणी कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं, त्यामुळे मन तयार नसेल तर सही नको, आणि "माझं अजून ठरलं नाही" एवढं म्हणायला कुठल्याही कायद्याची परवानगी लागत नाही.

तेव्हा नियम असा ठेवा, ज्याचा प्रश्न आहे त्याच्याशी दोन मिनिटं तरी एकट्याने बोलायचं. नवरा बायकोच्या वतीने बोलत असेल, मुलगा वडिलांच्या वतीने, सासू सुनेच्या वतीने, तर हमखास.

पायरी ३: तारीख विचारा, आणि ही पायरी चुकवलीत तर बाकी सगळं वाया

दवाखान्यात आधी नाडी बघतात तसं इथे आधी तारीख बघायची. काय झालं हे नंतर, कधी झालं हे आधी. कारण हक्क कितीही पक्का असला तरी मुदत गेली की तो कागदावरच राहतो.

चेक बाऊन्सचं घ्या, सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त वेळा मुदतीत मरणारा प्रश्न. एक दुकानदार आले, चेक तीन घड्या घालून पाकिटात, रिटर्न मेमो वेगळ्या पिशवीत. "समोरचा देतो म्हणतोय, अजून थोडं थांबू का?" मी मेमो उलगडून बँकेची तारीख बघितली आणि बोटावर दिवस मोजले, सत्ताविसावा दिवस होता. थांबायचा सल्ला दिला असता तर प्रकरण तिथेच संपलं असतं. बाकीचं बोलणं बाजूला ठेवून आधी नोटीस लिहिली आणि त्याच दुपारी स्पीड पोस्टाने रवाना केली.

मुदती अशा आहेत, पाठच करा. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो बँकेत टाकायचा. बाऊन्स झाल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे द्यायला. ते १५ दिवस संपल्यावर एक महिन्याच्या आत मॅजिस्ट्रेट कोर्टात तक्रार, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं कलम १३८ आणि १४२. नोटीशीत मागणी चेकच्या रकमेचीच ठेवायची, व्याज, त्रास, वकील फी हे सगळं त्यात मिसळून आकडा फुगवला की समोरचा वकील तेच पकडतो. ही नोटीस वकिलानेच द्यावी असं बंधन नाही. आणि ३० दिवस निघून गेले असतील तर लगेच हात वर करू नका, चेकचे तीन महिने शिल्लक असतील तर तो पुन्हा बँकेत टाकता येतो, पुन्हा बाऊन्स झाला की ३० दिवस नव्याने सुरू. तेही गेलं असेल तर पैसे वसुलीचा दिवाणी दावा आहेच, त्याला साधारण तीन वर्षं.

बाकीच्या नेहमीच्या मुदती: ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांत. उसने पैसे, थकलेलं डिपॉझिट यांच्यासाठी तीन वर्षं, आणि ती तीन वर्षं संपायच्या आत समोरच्याने "देणं आहे" असं सही करून लेखी कबूल केलं की मुदत तिथून परत सुरू होते, म्हणून "लिहून घ्या" हा सल्ला फुकटचा पण लाखमोलाचा. भाडेकरूला कोर्टाच्या हुकुमाशिवाय बाहेर काढलं, कुलूप लावलं, तर स्पेसिफिक रिलीफ अॅक्टच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा, आणि तिथे मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही, ताबा कोणाचा होता एवढंच बघतात. फेरफार नोंदीवर हरकत घ्यायला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस, नोंद मंजूर झाली तर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील ६० दिवसांत.

आणि समन्स. इथे माझी स्वतःची चूक सांगायलाच हवी. सुरुवातीच्या काळात एक गृहस्थ दिवाणी दाव्याचं समन्स घेऊन आले, मी दाव्याची प्रत वाचण्यात इतकी रमले की समन्स हातात कधी पडलं हे विचारलंच नाही. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला समन्स मिळाल्यापासून ३० दिवस असतात, कोर्ट कारणं बघून ९० पर्यंत वाढवू शकतं. ते तीस दिवस त्याच आठवड्यात संपत होते आणि मी त्यांना "पुढच्या सोमवारी सगळे कागद घेऊन या" असं सांगून पाठवलं. नंतर मुदतवाढीचा अर्ज करावा लागला, खर्चाचा दंड त्यांना भरावा लागला, माझ्या चुकीचा. तेव्हापासून कोणताही कागद हातात आला की मी आधी त्याच्यावर पेन्सिलने "मिळाला दि." असं लिहून तारीख विचारते, मगच वाचते.

ज्यांच्यात तासांचा हिशोब असतो

मारहाण, अटक आणि ऑनलाइन फसवणूक, या तिन्हीत दिवस नाही, तास मोजायचे. बँक खात्यातून पैसे गेले असं कोणी फोनवर सांगायला लागलं तर गोष्ट पूर्ण ऐकू नका, फोन ठेवून १९३० लावायला सांगा, मग बँकेला कळवा, मग सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवले तरच मिळायची आशा.

घरात मारहाण होत असेल तर ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा तिला त्याच घरात राहायचा हक्क देतो, घर सासऱ्याच्या नावावर आहे की भाड्याचं आहे याने तिचा तो दावा आपोआप संपत नाही, हे तिला ठासून सांगा कारण "घर माझं नाहीच" असं समजूनच बायका निघून जातात. त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात, त्यांचं ऑफिस कुठे आहे ते तुमच्या टेबलावर लिहिलेलं हवं.

अटकेत असलेल्याचे नातेवाईक आले तर चार गोष्टी सांगा. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. अटकेचं कारण सांगावं लागतं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करत नाहीत, फारच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. आणि वकील परवडत नसेल तर रिमांडच्या वेळीच विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मागता येतो, मोफत. नुसती पोलिसांची हजर राहायची नोटीस आली असेल, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, तर घाबरून गावाला पळून जाऊ नका म्हणावं, नोटिशीप्रमाणे हजर राहत गेलं तर कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही, पळालं तर मात्र आपणच कारण दिलं.

पायरी ४: कागद टेबलावर पसरा

"सगळे कागद बरोबर आहेत" म्हणजे काय ते बघितल्याशिवाय उत्तर देऊ नका. मूळ प्रत बघा, झेरॉक्स नाही. शेवटचं पान बघा, मागची बाजू बघा. शिक्का नोटरीचा आहे की दुय्यम निबंधकाचा, हा एकच फरक अर्धे प्रश्न सोडवतो.

भाड्याचंच बघा. "अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट असलं की रजिस्टर करायची गरज नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ म्हणतं की भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, कितीही महिन्यांचा असो. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, उलटं सिद्ध होईपर्यंत, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे समोर मालक असेल तर त्याला आजच सावध करा, भाडेकरू असेल तर धीर द्या. त्याच कायद्याचं कलम २९ सांगतं की मालकाला पाणी, वीज असल्या आवश्यक सोयी सबळ कारणाशिवाय तोडता येत नाहीत. पाणी तोडून घर खाली करून घेणं हा आपल्याकडचा लोकप्रिय उपाय आहे, तो बेकायदा आहे.

सातबारा हातात आला की नुसती नावं वाचू नका. "इतर अधिकार" हा रकाना वाचा, बँकेचा बोजा, कूळ, वारस, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं तिथे बसलेलं असतं. नावाशेजारचा फेरफार नंबर घेऊन तो फेरफार काढा, नाव का आलं आणि का गेलं ते तिथे कळतं. आणि समोरच्याला हे सांगा की सातबारा हा महसुली नोंदीचा कागद आहे, नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण मालकी त्या नोंदीने तयार होत नाही आणि नोंद नसली म्हणून जातही नाही. "सातबाऱ्यावर माझं नावच नाही म्हणजे माझं काहीच नाही" असं म्हणून रडलेल्या बहिणी मी बघितल्यात. सातबारा, आठ-अ, फेरफार ऑनलाइन मिळतात, आणि "आपली चावडी" वर गावातल्या फेरफाराच्या नोटिसा दिसतात, ज्यांना भावबंदकीची भीती आहे त्यांना ते दर पंधरा दिवसांनी बघायची सवय लावा. मोबाईलवर एकदा करून दाखवा, त्यांच्याच मोबाईलवर, आणि मग त्यांना स्वतः करायला सांगा.

व्हॉट्सअॅपचे मेसेज, कॉल रेकॉर्डिंग असेल तर एकच सूचना, काही डिलीट करू नका आणि फोन विकू नका. लोक स्क्रीनशॉट काढतात आणि फोन बदलतात. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, मूळ फोन असला की ते सोपं जातं.

पायरी ५: दार कुठलं ते ठरवा

चुकीच्या दारात गेलेला माणूस वर्षं घालवतो. महसूल, दिवाणी, फौजदारी, ग्राहक, कौटुंबिक, यातलं कुठलं, हे तुम्हाला ठरवायचंय, त्याला नाही.

परत त्या ४२० वाल्याकडे येऊ. १ जुलै २०२४ पासून ४२० गेलं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आहे, पण घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर जुनी दंड संहिताच लागते, म्हणून इथेही आधी तारीखच. आता त्याला सांगायचं काय, तर पैसे घेताना सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता असं दिसलं तर फसवणूक. चांगल्या मनाने घेतले, धंदा बुडाला, आता देत नाही, हे देणं आहे, गुन्हा नाही, त्याला वसुलीचा दावा. लोकांना हे ऐकायला आवडत नाही, पोलिसांनी दम दिला की पैसे निघतील असं त्यांना वाटतं. पण तुम्ही गोड बोलून पोलीस स्टेशनला पाठवलंत तर तो सहा महिने तिथल्या बाकावर बसेल आणि तिकडे तीन वर्षांची मुदत चालत राहील.

खरोखर दखलपात्र गुन्हा असेल आणि पोलीस घेत नसतील तर रस्ता असा. एफआयआर कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवता येतो, हद्द नसली तरी, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात, आणि फिर्यादीला प्रत मोफत मिळते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. घेतला नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टाने, तरीही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे कलम १७५(३). हातात नुसती एनसीची पावती असेल तर त्याला समजावा की एनसी म्हणजे अदखलपात्र, त्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, "केस चालू आहे" असं समजून वाट बघत बसू नका.

ग्राहकांच्या तक्रारीत लोकांना वाटतं कंपनी जिथली तिथे जावं लागेल. नाही, २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ वर तक्रार टाकून बघा म्हणावं, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

म्हातारे आईवडील येतात, घर मुलाच्या नावावर करून दिलं आणि आता मुलगा बघत नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा, प्रांताच्या पातळीवरचं न्यायाधिकरण. बक्षीसपत्रात "सांभाळ करायचा" ही अट लिहिलेली असेल तर कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं. म्हणून बक्षीसपत्र करायच्या आधीच कोणी विचारायला आलं तर ती एक ओळ घालायला सांगाच.

पायरी ६: आता उत्तर द्या, चिठ्ठीवर

तोंडी सांगितलेलं दारातून बाहेर पडेपर्यंत निम्मं विसरतं, आणि घरी जाऊन वेगळंच सांगितलं जातं. मी पाठकोऱ्या कागदाच्या अर्ध्या पानावर लिहून देते, मराठीत, मोठ्या अक्षरात. कुलूप लावून बाहेर काढलेल्या एका भाडेकरूला दिलेली चिठ्ठी अशी होती:

"१) आज: कुलपाचे, सामानाचे फोटो. शेजारच्या दोघांची नावं, नंबर लिहून घ्या. २) आज: पोलीस स्टेशनला लेखी अर्ज, दोन प्रती, एकीवर आवक शिक्का घेऊन परत आणा. ३) उद्या ११ वाजता: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, कोर्टाची इमारत. करार, भाड्याच्या पावत्या, लाईट बिल, आधार, उत्पन्नाचा दाखला. ४) स्वतः कुलूप तोडायचं नाही. ५) दाव्याची शेवटची मुदत: सहा महिने, म्हणजे दि. ..." आणि तिथे तारीख घातलेली.

बघा, त्यात एकही कलम नाही. आधी आज काय करायचं, मग कुठे जायचं आणि काय घेऊन, मग काय करायचं नाही, आणि शेवटी मुदत. काय करायचं नाही हे लिहायला विसरू नका, रागाच्या भरात केलेल्या एका गोष्टीने चांगली केस उलटते. "आवक शिक्का" हा शब्द तर माझ्या प्रत्येक चिठ्ठीत असतो, कारण पोहोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

काही वाक्यं तोंडातून येऊ देऊ नका. "तुम्ही नक्की जिंकाल", "काही होत नाही, घाबरू नका", "थोडं वाढवून लिहा म्हणजे पोलीस घेतील". हे तिसरं सगळ्यात वाईट. मारलं असेल तर मारलं लिहा, दागिने चोरले नसतील तर चोरले लिहू नका, उलटतपासणीत एक खोटं सापडलं की खरी मारही खोटी ठरते, आणि खोटी फिर्याद हा स्वतंत्र गुन्हा आहे तो वेगळाच.

आणि येत नसेल तर तसं सांगा. "हे मला बघून सांगावं लागेल, परवा या, पण तोपर्यंत कशावर सही करू नका" हे पूर्ण उत्तर आहे, त्यात कमीपणा नाही.

फोनवर, व्हॉट्सअॅपवर कोणी "मैत्रिणीसाठी विचारतेय" म्हणालं तर तो प्रश्न तिचाच आहे असं धरूनच बोला, उघडं पाडू नका. नियम काय आहे तेवढं सांगा, कागद बघितल्याशिवाय निकाल सांगू नका, आणि "मैत्रिणीला" भेटायला यायचं आमंत्रण द्या.

पायरी ७: पुढे पाठवणं म्हणजे हात झटकणं नव्हे

"वकील बघा" असं म्हणून सोडून देऊ नका, नाव आणि पत्ता असलेल्या ठिकाणी पाठवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ बघा, स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतले, आपत्तीग्रस्त, यांना मोफत वकील मिळतो, आणि यातल्या कोणालाही उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा बाकीच्यांसाठी आहे. "माझा नवरा नोकरीला आहे, मला कुठे मिळणार" असं म्हणून कित्येक बायका दारातूनच परत जातात, त्यांना थांबवा. हेल्पलाइन १५१००. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते, ऑफिस कोर्टाच्याच आवारात.

लोकअदालतीत मिटवायला सांगत असाल तर एक गोष्ट आधी सांगायची, भरलेली कोर्ट फी परत मिळते हे खरं, पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच. तेव्हा सही करायच्या आधी आकडा आणि तारखा नीट वाचून घ्यायच्या.

ज्यांची केस आधीच चालू आहे त्यांना सीएनआर नंबर विचारा, सोळा अक्षर-अंकांचा असतो, ई-कोर्ट्सच्या अॅपमधे टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. वकील फोन उचलत नाही ही निम्म्या लोकांची तक्रार असते, त्यातल्या बऱ्याच जणांना तारीख कळल्यावरच बरं वाटतं.

वहीत काय लिहायचं

एक जाड वही ठेवा. दिनांक, नाव, विरुद्ध पार्टी, काय विचारलं, काय सांगितलं, आणि शेवटच्या रकान्यात मुदतीची तारीख लाल पेनने. दर सोमवारी तो लाल रकाना वरून खाली वाचायचा आणि ज्यांची मुदत पंधरा दिवसांवर आलीय त्यांना फोन करायचा, "गेलात का, अर्ज दिलात का, शिक्का मिळाला का". एवढ्या एका फोनने जितकी कामं मार्गी लागलेली मी बघितलीत तितकी माझ्या कुठल्या सल्ल्याने लागली नाहीत.

त्या आजींच्या नावापुढे लाल तारीख नव्हती, कारण न केलेल्या सहीला मुदत नसते. तरी मी महिन्याभराने फोन केला. म्हणाल्या, अजून ठरलं नाही असं सांगितलंय त्यांना, आणि भाऊबीजेला बोलावणं आलंय.